नाईकाची दोन बोटं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे मी बायकोच्या पायाची नखं कापली. रविवारची दुपार होती. चर्चमधून आलो, जेवलो, आणि ही पलंगावर पाय लांब करून बसली. तिचे गुडघे पुरते वाकत नव्हते, म्हणून गेली काही वर्षं ते काम माझ्याकडे होतं. खाली वर्तमानपत्र, हातात नेलकटर, नाकावर चष्मा. मी मधूनच मुद्दाम तळव्याला बोट लावायचो आणि ती पाय झटकायची.

"चाळे करू नका. मांस कापाल."

"कापलं तर कापलं. नाईकाची बोटं कापणारच आहेत, त्याच भावात तुझंही होईल."

"त्याचंच बोलायचंय. नाईकाकडे या वेळी प्रार्थना तुम्ही करायची."

"मी कशाला? तू आहेस ना."

"बिल्ला तुमच्याही छातीवर आहे. इतकी वर्षं नुसतं आमेन म्हणून पगार खाताय."

"पगार कुठे आहे?"

"म्हणून तर कोणी काढलं नाही तुम्हाला."

मी करंगळीचं नख कापलं, कागदाची पुडी केली आणि कचऱ्यात टाकून आलो. तोवर ती झोपली होती.

सोमवारी सकाळी ती चहा ठेवायला उठली आणि ओट्याला धरून खाली बसली. मी पोचलो तेव्हा बसलेलीच होती, पण गेलेली होती. डॉक्टर म्हणाला, हृदय. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मी चौथी पास आहे, तीही गुरुजी कंटाळले म्हणून. असल्या गोष्टी लिहायला जास्त शिकावं लागत असेल.

बिल्ल्याचं मात्र सांगायला पाहिजे. पलटणीत पंडित असतो, मौलवी असतो, ग्रंथी असतो, पाद्री असतो. जवान रडला की कोणीतरी त्याच्याजवळ बसायला पाहिजे, म्हणून सरकारने ठेवलेले. रिटायर झाल्यावर जवळ बसणारा कोणी नसतो. म्हणून आमच्या चर्चने ठरवलं की आपल्यात जे माजी फौजी आहेत त्यांनी आणि त्यांच्या बायकांनी जोडीजोडीने जायचं. म्हाताऱ्या फौजींकडे, फौजींच्या विधवांकडे, ज्यांचा नवरा बॉर्डरवर आहे अशा पोरींकडे. जात-धर्म विचारायचा नाही. अंधेरीला एका हॉलमध्ये दोन दिवस शिकवलं. दुसऱ्या दिवशी मी झोपलो होतो. तरी बिल्ला मिळाला, कारण बायको जागी होती.

नियम थोडेच होते. एकट्याने जायचं नाही. विचारल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. धर्म बदलायची गोष्ट काढायची नाही. आणि चहाला नाही म्हणायचं नाही. मी फौजेत ट्रक चालवला, त्यामुळे रस्ते माझ्याकडे आले. बाकी सगळं तिच्याकडे. ती बालवाडीत शिकवायची. मोठमोठ्या मिशांच्या सुभेदारांशीही ती तशीच बोलायची. गोळी घेतली का? दाखवा जीभ. शहाणे. आणि सुभेदार जीभ दाखवायचे. मी बाजूला बसून बिस्किटं खायचो. कोणी प्रार्थना मागितली की ती डोळे मिटायची, मी टोपी काढायचो. ती बोलायची आणि शेवटी मी मोठ्याने आमेन म्हणायचो. माझा आवाज परेडचा. लोकांना वाटायचं, अर्धी प्रार्थना याचीच आहे. खरं सांगतो, त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही तोंड उघडून प्रार्थना केली नाही. घरी जेवणाआधी म्हणायची तेवढी लहानपणापासून पाठ होती, ती म्हणायचो. तीही घाईत, कारण भूक लागलेली असायची.

नाईक भांडुपचा. डोंगरावरच्या चाळीत राहतो, खालून वर पायऱ्याच पायऱ्या. मूळचा मालवणकडचा, देवघरात गणपती, कुलदैवत आणि पलटणीचा फोटो, तिघांनाही रोज फूल. शेजाऱ्यांनी एकदा विचारलं, हे ख्रिश्चन लोक तुझ्याकडे का येतात रे? तर म्हणाला, पत्त्यांत हरायला. ते खरंच होतं, कारण तो लबाडी करायचा आणि ही त्याला करू द्यायची. मी पकडलं की मलाच दटावायची. मी ट्रकवाला म्हणून तो मला ड्रायव्हर म्हणतो. हिला मात्र बाय.

त्याची साखर वाढून डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. घाटकोपरच्या इस्पितळातल्या डॉक्टरने सरळ सांगितलं. आधी दोन आठवडे साखर खाली आणू, मग शुक्रवारी बोटं काढू. तेवढ्यावर भागेल. त्यापुढे थांबलात तर ते वर चढेल, मग गुडघ्याखाली काहीच राहणार नाही. नाईक म्हणाला, लढाईवरून अख्खा आलोय, वरही अख्खाच जाणार. त्याची बायको रडली, मुलाने मस्कतहून फोन केला, काही उपयोग नाही. मग ही त्याच्यासमोर बसली. म्हणाली, नाईकदादा, तुम्ही घरातून निघायच्या आधी मी येऊन प्रार्थना करीन आणि तुमच्याबरोबर खाली उतरीन. मग जाल? तो पंख्याकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "शब्द दिलास तर जाईन." हिने शब्द दिला.

आणि मधल्या सोमवारी ही गेली.

पहिल्या आठवड्यात आमचेच लोक माझ्याकडे भेटीला यायला लागले. म्हणजे मीच आता भेट द्यायच्या यादीत. चर्चचे पाळकसाहेब तरुण आहेत, माणूस चांगला. पण ते जे करतात ते मला सगळं पाठ. आत आले की आधी खांद्यावर हात. मग बाजूला बसायचं, समोर नाही. मग गप्प. दुःखात असलेल्याजवळ गप्प बसा, तो आपण होऊन बोलेल, असं अंधेरीला शिकवलं होतं. तेवढं मी झोपायच्या आधी ऐकलं होतं. मी ठरवलं, बघू कोण आधी बोलतो. मी फौजेत रात्र-रात्र पहारा दिलेला माणूस. ते बिचारे हात चोळत होते, खुर्ची वाजवत होते. शेवटी त्यांचा फोन वाजला आणि ते हरले.

मग मी म्हटलं, "चहा घ्या."

मी जन्मात कधी चहा केला नव्हता. पत्ती किती टाकायची ते कोणाला माहीत. पातेलं चांगलं उकळू दिलं, काळं झालं, मग दूध टाकलं, ते फाटलं. साखरेचा डबा कुठला ते कळेना, जो सापडला तो घेतला. तो मिठाचा नव्हता एवढं नक्की, पण साखरेचाही नव्हता. पाळकसाहेबांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. नियम त्यांनीच केलेला. संपवला त्यांनी. मी दुसरा कप भरला. तोही संपवला. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा घरून पिऊन आलोय म्हणाले. मी म्हटलं, "चहाला नाही म्हणायचं नाही ना, साहेब?" परत दोन कप. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. दाराशी डबा ठेवून गेले, डाळभाताचा.

तेवढीच गंमत होती त्या आठवड्यात. बाकी वेळ मी तिच्या चपला दारातून उचलायच्या की नाही हे ठरवत बसायचो.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी फोन वाजला. नाईकाची बायको. मी त्यांना वहिनी म्हणतो.

"भावजी, हे जायला तयार नाहीत. संध्याकाळी पाचपर्यंत इस्पितळात भरती व्हायचंय. उद्या सकाळी कापणार आहेत. आज गेलो नाही तर परत तारीख कधी मिळेल देव जाणे, आणि पाय तर रोज काळा होतोय."

"काय म्हणतो तो?"

"म्हणतात, बाय येणार होती. शब्द देणारी गेली, मग घेणाराही मोकळा."

असला कायदा फक्त नाईकच काढू शकतो. मी पाळकसाहेबांना फोन लावला. ते पुण्याला कसल्याशा सभेत होते. म्हणाले, एकटे जाऊ नका, मी उद्या येतो. मी म्हटलं, उद्या येऊन काय बोटं मोजणार? फोन ठेवला. बिल्ला शोधला. माझा सापडला नाही, तिचा लावला, दोन्ही सारखेच. मुलुंडहून रिक्षा केली आणि भांडुपच्या पायऱ्या चढलो. मध्ये दोनदा बसलो. पायऱ्या चढताना मी नेहमी पुढे असायचो आणि मागून तिची बडबड यायची. आज मागून कोणी काही बोललं नाही, म्हणून जास्त दम लागला.

नाईक खाटेवर बसला होता. पायाला बँडेज, पाय उशीवर. रागावला की तो मालवणीत जातो.

"काय रे ड्रायव्हर, एकटोच इलंस?"

"दुसरं कोण येणार?"

"मग जा परत. मी जावचंय नाय."

वहिनींनी चहा आणला. मी प्यायलो. त्याने कप हातात धरून ठेवला.

"हे बघ," मी म्हटलं, "दोन बोटांचं काय घेऊन बसलास? त्या बोटांनी तू काय करतोस? हार्मोनियम वाजवतोस?"

"माझी बोटं आहेत."

"आज गेला नाहीस तर पाय जाईल. मग या पायऱ्या कशा उतरणार? तुला खांद्यावर घेऊन मी उतरणार नाही, आधीच सांगतो. तू जड आहेस आणि वास मारतोस."

"मारू दे." तो भिंतीकडे वळला. मग हळू म्हणाला, "तिने शब्द दिला होता म्हणून तयार झालो होतो. एकदा मन बांधलं होतं. ते सुटलं. आता परत बांधता येत नाही, ड्रायव्हर. भीती वाटते. टेबलावर झोपवतात, तोंडावर काहीतरी लावतात, आणि माणूस उठतच नाही. मी बघितलंय."

मी इतक्या वर्षांत नाईकाच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला नव्हता. वहिनी दारात उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. घड्याळात साडेतीन झाले होते.

"प्रार्थना करू?" मी विचारलं. नियमाप्रमाणे विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. "तू?"

"मग कोण? बिल्ला आहे माझ्याकडे."

"कर. पण बाय करायची तशी कर."

तिथे माझी वाट लागली. मी टोपी काढली. तिच्यासारखा हात त्याच्या पायावर ठेवला, बँडेजवर, हलकाच. डोळे मिटले. आणि काही आलं नाही. तिचा आवाज आठवत होता, शब्द एकही नाही. वहिनींनी हात जोडले होते, नाईकाने डोळे घट्ट मिटले होते, शेजारच्या खोलीतला टीव्हीही कोणीतरी बंद केला. सगळे थांबलेले. मग तोंडातून जे निघालं ते निघालं.

"हे प्रभू, तू आमच्यापुढे जे ठेवलं आहेस त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्या हातांनी हे तयार केलं त्यांना आशीर्वाद दे. हे आमच्या शरीरांना लाभू दे..."

नाईकाने एक डोळा उघडला.

"...आणि आमच्या दारातून कोणी उपाशी जाऊ नये असं कर."

"थांब," नाईक म्हणाला. "ही कसली रे प्रार्थना?"

मी हात पायावरून उचलला.

"ही जेवणाची! बाय आमच्याकडे घावन खाताना हीच म्हणायची. माझ्या पायावर हात ठेवून? माका जेवतलंस काय रे मेल्या?"

वहिनी आधी हसल्या. पदर तोंडात होता म्हणून आवाज नाकातून आला. मग नाईक. असा हसला की खोकला आला, खाट हलायला लागली, पाय उशीवरून घसरला आणि तो एकाच वेळी हसत आणि विव्हळत राहिला. मीही हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. हसताना नाकातून पाणी आलं, ते मी टोपीने पुसलं.

"म्हणजे तुला येतच नाही," नाईक म्हणाला.

"नाही येत."

"इतकी वर्षं नुसता आमेन?"

"नुसता आमेन."

"आणि मी समजत होतो, मोठा साधू आहे, मनातल्या मनात म्हणतोय." त्याने डोळे पुसले. "आता असं कर. आमेन मी म्हणतो. तू बोल. मराठीत बोल, ट्रक बंद पडल्यावर मेकॅनिकशी बोलतो तसा बोल."

मी परत हात ठेवला. या वेळी डोळे मिटले नाहीत. पायाकडे बघूनच बोललो.

"देवा, हा नाईक. याची दोन बोटं सडली आहेत, तुला माहीतच आहे. ती घे आणि पाय ठेव. माझ्याकडून नेलंस तेव्हा मला विचारलं नाहीस. चहा ठेवायलाही वेळ दिला नाहीस. याला डॉक्टर दिलास, तारीख दिलीस, निरोपावर निरोप दिलेस, तरी हा इथे बसून आहे. याला अक्कल दे. तेवढी नसेल तर उद्या टेबलावरून उठायची ताकद दे. आणि माझी तिकडे आली आहे, तिचे गुडघे बघ. बस, एवढंच."

मग वहिनी म्हणाल्या, "आमेन."

"तू कित्याक म्हणतंस गो? ता माझा काम," नाईक म्हणाला. मग घसा खाकरून, परेडवर ओरडावं तसा तो आमेन ओरडला. खालच्या चाळीतला कुत्रा भुंकला.

मग म्हणाला, "माझा कोट काढ. मेडलवाला."

"इस्पितळात कोट कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"टेबलावर कोण झोपलंय ते त्यांना कळू दे."

खाली चट्ट्यापट्ट्याचा पायजमा, वर मेडलांचा कोट, आणि एका पायात चप्पल. चाळीतल्या चौघांनी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून उतरवलं. प्रत्येक वळणावर तो हुकूम सोडत होता, डावा कोपरा सांभाळ, तू उंच आहेस तू खाली जा. दारादारांतून बायका बघत होत्या आणि हा दोन्ही बाजूंना सलाम ठोकत होता. मी मागून त्याची पिशवी घेऊन. एका म्हातारीने विचारलं, "कुठे निघालात?" तर म्हणाला, "दोन बोटं ठेवायला. गहाण नाही, कायमची." पाचला दहा कमी असताना आम्ही इस्पितळात पोचलो.

शुक्रवारी सकाळी मी सहाला उठलो. चहा केला नाही. त्या वाटेला परत जायचं नव्हतं. आंघोळ केली, शर्टाला स्वतः इस्त्री केली. एक बाही चुरगळलेलीच राहिली. तिच्या चपला दारातच होत्या, त्यांना ओलांडून बाहेर पडलो.

इस्पितळात पोचलो तेव्हा नाईकाला स्ट्रेचरवर घेतलं होतं. कोट काढून घेतला होता म्हणून तो तोंड पाडून होता. मला बघून म्हणाला, "आता काही म्हणू नकोस. कालचं पुरे."

"म्हणणार नव्हतोच. बाहेर बसतो."

"बस. उठू नकोस."

मी बसलो. वहिनी बाजूला बसल्या, समोर नाही. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही, आणि या वेळी जिंकायचं कोणालाच नव्हतं. साडेअकराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आला. दोन बोटं गेली, पाय राहिला, म्हणाला. वहिनींनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मग त्या मस्कतला फोन लावायला जिन्याकडे गेल्या.

मी पाळकसाहेबांना फोन लावला.

"साहेब, मी काल एकटा गेलो होतो. नियम मोडला."

"कळलं मला," ते म्हणाले. "प्रार्थना केलीत?"

"केली. दोन केल्या. एक चुकीची लागली."

"म्हणजे?"

"ते राहू द्या. यादीत पुढे कोण आहे ते सांगा."

मला वाटलं, आता विश्रांती घ्या म्हणणार. पण कागद चाळल्याचा आवाज आला. कांदिवलीची एक मुलगी होती, नवरा लडाखला, पोटुशी, सासरचं कोणी जवळ नाही. हिने तिला फोनवर दर शनिवारी यायचं कबूल केलं होतं. पहिल्याच शनिवारी कोणी गेलं नव्हतं.

"मग उद्या जातो," मी म्हटलं. "पण बाईमाणसाकडे एकटा म्हातारा बरा दिसत नाही. जोडीला कोणी द्या. प्रार्थना येणारी असली तर बरं. नसली तरी चालेल."

"आत्ता लगेच कोण मिळणार, काका?"

"तुम्हीच चला. चहा तिथे ती करील, मी नाही."

पलीकडून पहिल्यांदा हसायचा आवाज आला. दहा वाजता कांदिवली स्टेशनबाहेर, असं ठरलं. मी वॉर्डबॉयकडून पेन मागून हातावर पत्ता लिहून घेतला, सावकाश, एकेक अक्षर, आणि पाळकसाहेबांनी तो मला दोनदा वाचून दाखवला.